आधी वायर, मग गाडी : घरी, ऑफिसात आणि हायवेवर ईव्ही चार्ज करताना

पार्किंग_बी१२ (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत वायर ४२ मीटर भरते. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, कारण या ४२ मीटरांपायी माझे सात महिने गेले. गाडी पसंत करायला, टेस्ट ड्राइव्ह घ्यायला आणि कर्ज मंजूर व्हायला मिळून तीन आठवडे लागले होते.

इथे दर महिन्याला कोणीतरी विचारतं, "ईव्ही घेऊ का?" आणि मग रेंज, बॅटरी, रीसेल यावर शंभर प्रतिसाद पडतात. मी त्यांना उलट विचारतो, तुमच्या पार्किंगच्या खांबावर तुमच्या मीटरची वायर येते का? येत असेल तर निर्धास्त घ्या. येत नसेल तर आधी ती आणा, मग शोरूमला जा. मी उलटं केलं. गाडी दारात आली आणि पहिले दोन महिने मी रात्री साडेदहाला सार्वजनिक चार्जरवर बसून क्रिकेटचे जुने सामने बघत होतो.

माझी गाडी नेक्सॉन ईव्ही, बॅटरी ४०.५ किलोवॅट-तासांची, म्हणजे तेवढ्या युनिटची. शहरात मला युनिटला साडेसहा किलोमीटरच्या आसपास मिळतात. गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि तासाला साधारण ३.३ युनिट खेचतो. म्हणजे रिकामी बॅटरी पूर्ण भरायला तेरा-चौदा तास. ऐकून लोक दचकतात. पण रोज रिकामी करतो कोण? माझं रोजचं जाणंयेणं ४० किलोमीटर. रात्री अडीच तासांत ते भरून निघतं, तेव्हा मी घोरत असतो.

आता सोसायटी. अर्ज दिला तेव्हा चेअरमन काका म्हणाले, "कॉमन मीटरवर नको." मी म्हटलं, माझ्याच मीटरवरून घेतो. मग "आग लागली तर?" मग "उद्या सगळ्यांनी मागितलं तर?" मग "सर्वसाधारण सभेत ठेवू." सभा पाच महिन्यांनी. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत मी जोडली होती. घरच्या किंवा ऑफिसच्या असलेल्या वीजजोडणीवरून आपली गाडी चार्ज करता येते असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सेक्रेटरींनी ती वाचली आणि म्हणाले, "यात वीज घ्या म्हटलंय, आमच्या भिंतीवरून पाइप न्या असं कुठे म्हटलंय?" माणूस वकील नाही, पण मुद्दा बरोबर होता.

काम झालं ते कागदाने नाही. एका रविवारी इलेक्ट्रिशियनला घेऊन चेअरमन काकांना मीटर रूममध्ये नेलं. त्याने वहीच्या पानावर आकृती काढून दिली: माझ्या मीटरनंतर वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पडणारा), तिथून आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल, पार्किंगमध्ये कुलूपबंद डबी आणि स्वतंत्र अर्थिंग. काकांनी पान घडी घालून खिशात ठेवलं. पुढच्या आठवड्यात परवानगी आली, सभेची वाट न बघता.

आता वायरीबद्दल, कारण इथे सगळे पैसे वाचवायला जातात. पहिल्या इलेक्ट्रिशियनने २.५ स्क्वेअर एमएम जाडीची सुचवली होती, "गिझरला हीच असते." गिझर वीस मिनिटं चालतो, साहेब. गाडी रात्रभर १५ अँपिअर ओढते. ४२ मीटर जाऊन येऊन ८४ मीटर तांबं होतं, २.५ च्या वायरीत नऊ-साडेनऊ व्होल्ट वाटेतच पडतात आणि सव्वाशे-दीडशे वॅट नुसते भिंत तापवण्यात जातात. ४ एमएममध्ये ते सहा व्होल्टच्या आत येतं. मी ६ टाकली. उद्या ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवला तर ३२ अँपिअर लागतील आणि तेव्हा परत भिंत फोडायची माझ्यात हिंमत नाही.

सॉकेटचीही गोष्ट सांगतो. पहिल्या महिन्यात नेहमीचा मॉड्युलर सॉकेट लावला होता. एका सकाळी प्लग काढताना हाताला चटका बसला. जाड पिनांपैकी एक तपकिरी झालेली आणि सॉकेटच्या भोकाभोवती चहाच्या डागासारखं पिवळं वर्तुळ. जळका वास नाही, धूर नाही, एमसीबी पडलेला नाही. त्याला कळणारच नाही, करंट जास्त नव्हताच, पकड सैल होती. त्यानंतर निळा इंडस्ट्रियल सॉकेट लावला, गोल, झाकणाचा. आजवर कोमटसुद्धा होत नाही. ज्यांच्याकडे साधा सॉकेट आहे त्यांनी आज रात्री चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावून बघा.

बिलाचं गणित: महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशेच्या वर युनिट, चार्जिंगमधली गळती धरून १७५. घराचा वापर १८० होता, तो ३५५ झाला. घरगुती दर स्लॅबने चढतात, त्यामुळे गाडीचे १२० युनिट १०१ ते ३०० च्या स्लॅबात गेले आणि उरलेले ५५ पुढच्या महाग स्लॅबात. "ईव्हीला किलोमीटरला एक रुपया" असं सांगणाऱ्यांनी हे बघितलेलं नसतं. तरीही पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त. पण ज्यांच्या घरात दोन एसी आहेत आणि वापर आधीच ५०० च्या आसपास आहे, त्यांनी ईव्हीसाठी वेगळी जोडणी घ्यावी का याचा हिशोब जरूर करावा. तिला दर वेगळा लागतो, स्लॅब नसतात, स्थिर आकार मात्र वेगळा भरावा लागतो.

ऑफिस आणि हायवेबद्दल खाली लिहितो, आता जेवायला हाक आली आहे.

वायरमन_सदाशिव

उत्तम धागा. पंचवीस वर्षं हेच काम करतोय म्हणून एक भर. तुम्ही "स्वतंत्र अर्थिंग" दोन शब्दांत उरकलंत. माझ्याकडे "गाडी चार्ज होत नाही" म्हणून जे फोन येतात त्यात दहापैकी सात अर्थिंगचे निघतात. फ्रिज, टीव्ही अर्थिंगशिवाय मुकाट चालतात. गाडी चालत नाही, आधी अर्थिंग तपासते आणि नसेल तर लाल दिवा. लोक म्हणतात चार्जर खराब. चार्जर बिचारा इमानदार आहे.

न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. एक-दोन व्होल्ट दिसले तर ठीक. पंधरा-वीस दिसले की समजा काहीतरी गडबड आहे.

हिंजवडी_शटल

सदाशिवराव, आमच्याकडच्या इलेक्ट्रिशियनने फेज आणि अर्थिंगमध्ये २०० वॅटचा बल्ब लावून दाखवला. लख्ख पेटला. म्हणजे अर्थिंग चांगलं ना?

वायरमन_सदाशिव

आमच्या उस्तादांनीही हेच शिकवलं होतं, पण आता ते सोडा. एक म्हणजे आरसीसीबीच्या पुढे लावलात तर तो लगेच पडेल, पडायलाच हवा. दुसरं, बल्ब जेमतेम अँपिअरभर घेतो. अर्थिंग बऱ्यापैकी वाईट असलं तरी तो लख्खच दिसतो. तिसरं महत्त्वाचं: खड्ड्याकडची पट्टी कुठे तुटलेली असली तर त्या बल्बातून फेज सरळ घरातल्या गिझर-फ्रिजच्या अंगावर येतो. आतून कोणी नळाला हात लावला तर? अर्थ टेस्टरने मोजून घ्या आणि आकडा कागदावर लिहून मागा.

कातळावरची

देवरूखजवळच्या आमच्या गावच्या घराचा अनुभव. जमीन जांभ्याची. अर्थिंगचा खड्डा रीतसर केला, मीठ-कोळसा सगळं. जून ते डिसेंबर गाडी छान चार्ज व्हायची. मार्च लागला की लाल दिवा. दोन इलेक्ट्रिशियन झाले, कोणाला कळेना. शेवटी सासरे म्हणाले, "खड्डा तहानलेला असेल." बादलीभर पाणी ओतलं आणि पंधरा मिनिटांत हिरवा दिवा! जांभ्यात पाणी टिकतच नाही. आता बागेच्या ठिबकची एक नळी खड्ड्यावर सोडली आहे.

संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं ते वेगळंच. तेव्हा लावत नाही, रात्री अकरानंतर लावते.

पार्किंग_बी१२

कातळावरची ताई, सासऱ्यांना नमस्कार सांगा. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

आता ऑफिस. आमच्या पार्किंगमध्ये दोन एसी चार्जर (घरच्यासारखीच एसी वीज देणारे) आहेत, ७.२ किलोवॅटचे, आणि ईव्ही चौदा. सुरुवातीला जो आठला येईल त्याची गाडी संध्याकाळपर्यंत लावलेली. मग व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. नियम असा: साडेअकराला पहिली पाळी संपते, अडीचला दुसरी. पाळी संपली आणि गाडी हलली नाही की ग्रुपवर नुसता नंबर प्लेटचा फोटो पडतो, खाली एकही शब्द नाही. मराठी माणसाला एवढं पुरतं.

एक गंमत अशी की दोन सहकाऱ्यांच्या गाड्या ७.२ च्या चार्जरला लावूनही ३.३ किलोवॅटनेच भरतात. ते सुविधा विभागाकडे तक्रारी करत राहिले. एसी चार्जर म्हणजे मुळात हुशार स्विच असतो. एसीचं बॅटरीला लागणारं डीसी करणारा खरा चार्जर गाडीत असतो आणि त्यांच्या गाडीतलाच ३.३ चा होता. काही मॉडेलांत ७.२ चा जादा पैसे देऊन घ्यावा लागतो. विकत घेताना सेल्समन सनरूफबद्दल वीस मिनिटं बोलतो, हे सांगत नाही.

नाना_डिझेलवाले

सगळं वाचलं. मी पंपावर जातो, चार मिनिटांत टाकी फुल, घरी. मीठ-कोळसा-बादली काही नाही. चालू द्या.

हिंजवडी_शटल

नाना, आम्ही गेल्या आठ महिन्यांत पंपावर फक्त हवा भरायला गेलो. ती चार मिनिटंही वाचली.

नाना_डिझेलवाले

आणि कोल्हापूरला जाताना?

घाटवळणे

नानांचा प्रश्न रास्त आहे म्हणून मीच उत्तर देतो, पुणे-कोल्हापूर महिन्यातून दोनदा करतो. अंतर २३० च्या आसपास. माझ्याकडे जुनी ३०.२ ची नेक्सॉन आहे, २०२० ची. कागदावर ३१२ किलोमीटर, हायवेला नव्वदच्या वेगाने दोनशेही धरू नका. खंबाटकी चढताना टक्के डोळ्यांसमोर गळतात. साताऱ्याच्या पुढे एकदा थांबावंच लागतं. चाळीस मिनिटं थांबतो, मिसळ खातो, निघतो. थांबायचा मला त्रास नाही. थांबल्यावर चार्जर चालू असेल की नाही, हा त्रास आहे.

मागच्या दिवाळीची गोष्ट. अॅपवर चार्जर "उपलब्ध" असं हिरवं दाखवत होता. पोचलो तर स्क्रीनवर "आउट ऑफ सर्व्हिस". हेल्पलाइनवाला म्हणाला, तंत्रज्ञ उद्या येईल. गाडीत १४ टक्के, सोबत आई. हॉटेलचा पार्किंगवाला पोरगा आला, चार्जरच्या बाजूचं मोठं लाल बटण त्याने बाजूला मुरगळलं. टक् आवाज आला, बटण बाहेर आलं, दोन मिनिटांत स्क्रीन जिवंत. म्हणाला, "लहान पोरं दाबून जातात साहेब, दिवसातून दोनदा होतं." ते आपत्कालीन बटण असतं; एकदा दाबलं की फिरवल्याशिवाय सुटत नाही. मात्र जळका वास, तुटलेली केबल असलं काही दिसलं तर हात लावू नका, ते कोणीतरी कारणानेच दाबलेलं असेल.

पार्किंग_बी१२

याला माझ्याकडून चार गोष्टी.

हायवेच्या डीसी चार्जरवर (हा थेट बॅटरीत भरतो) ६० किलोवॅटची पाटी वाचून हुरळू नका. दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असलेला असेल आणि शेजारी दुसरी गाडी लागली तर बऱ्याच ठिकाणी तीस-तीस वाटून मिळतात. आणि गाडीची स्वतःची मर्यादा असतेच. माझी ५० च्या पुढे घेत नाही.

८० टक्क्यांनंतर उठा. तिथून वेग इतका पडतो की शेवटच्या वीस टक्क्यांना जवळजवळ आधी लागला तेवढाच वेळ लागतो. मागे रांग असताना शंभर करत बसणारा माणूस आणि लोकलच्या दारात उभा राहून मधे उतरू न देणारा माणूस, एकाच जातीचे.

पैसे. हायवेवर युनिटला मला अठरा ते पंचवीस रुपये पडतात आणि वर १८ टक्के जीएसटी. घरचं स्वस्त. म्हणूनच घरचा सॉकेट नसताना केवळ सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर ईव्ही घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. टॅक्सीवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा तो धंदाच आहे.

अॅप. माझ्या फोनमध्ये सहा आहेत, प्रत्येकाच्या पाकिटात शे-दोनशे रुपये अडकलेले. बेसमेंटमधल्या चार्जरला नेटवर्क नसतं आणि ओटीपी येत नाही, हेही अनुभवलंय. आरएफआयडी कार्ड (चार्जरला नुसतं टेकवायचं) मिळत असेल तर घेऊन ठेवा.

नाना_डिझेलवाले

मिसळीचं सोडून बाकी काही पटलं नाही. पण बटणाचं लक्षात ठेवतो, मुलगा घेणार म्हणतोय.

घाटवळणे

घाटावरून आठवलं. पाचगणीला मुक्काम केला, हॉटेलवाल्याने कौतुकाने रात्रभर लावून शंभर टक्के करून दिली. सकाळी पसरणी घाट उतरायला लागलो तर रीजनच (वेग आवरताना गाडी बॅटरीत वीज परत भरते ते) नाही! भरलेल्या बॅटरीत ब्रेकची वीज घालायला जागाच उरत नाही. एरवी पेडल सोडलं की गाडी आपोआप आवळते, त्या सवयीने पहिल्या वळणाला पोटात गोळा आला. वाईपर्यंत ब्रेक वापरत उतरलो. आता डोंगरावर मुक्काम असेल तर ८५ ला बंद करतो, खाली येईपर्यंत दोन-चार टक्के फुकट मिळतात.

सांगलीचा_सौरभक्त

बंगलेवाल्यांसाठी. छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० अनुदान मिळालं. दिवसाला सरासरी बारा युनिट पडतात, ढगाळ दिवसांत निम्मे. गाडी दिवसा बाहेर असते, पण नेट मीटरिंगमुळे दुपारचे युनिट हिशोबात जमा होतात आणि रात्री गाडीत जातात. बी१२ साहेबांचा स्लॅबचा त्रास मला नाही. फक्त सोलर बसवायच्या आधीच गाडीचे युनिट धरून क्षमता ठरवा. मी नंतर गाडी घेतली, आता आणखी २ किलोवॅट वाढवायचे म्हणतोय आणि छतावर टाकी मधे येते.

श्टुटगार्टची_आजी

मुलाकडे असते म्हणून इकडचं सांगते. इथेही फ्लॅटवाल्यांचं हेच रडगाणं होतं: बाकीचे मालक हो म्हणत नाहीत तोवर काही नाही. १ डिसेंबर २०२० पासून जर्मनीत कायदा बदलला. आता चार्जरची मागणी केली तर मालकांची सभा "नाही" म्हणू शकत नाही, कसं करायचं एवढंच ठरवू शकते. भाडेकरूलाही मागता येतं. घरी ११ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) आहे, तो वीज वितरणवाल्यांकडे नुसता नोंदवावा लागला. २२ चा घेतला असता तर आधी परवानगी. भिंतीतल्या साध्या सॉकेटवर रात्रभर चार्ज करायला मात्र आमचा इलेक्ट्रिशियन साफ नाही म्हणाला. तुमच्या पिवळ्या वर्तुळाचं वाचून तो आठवला.

पार्किंग_बी१२

आजी, "कसं करायचं एवढंच ठरवा" हे वाक्य आमच्या नोटीस बोर्डावर लावावंसं वाटतंय. आपल्याकडे केंद्राच्या आदर्श बांधकाम नियमावलीत २०१९ मध्ये २० टक्के पार्किंगसाठी चार्जिंगची सोय धरली गेली, पण ती नव्या इमारतींची गोष्ट. आमच्यासारख्या २००८ च्या इमारतीत सगळं चेअरमन काकांच्या खिशातल्या कागदावर.

बेसमेंटमधला

पण "उद्या सगळ्यांनी मागितलं तर?" हा प्रश्न चुकीचा नाही ना. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे म्हणून विचारतो. ४८ फ्लॅट, सगळ्यांनी रात्री दहाला ३.३ लावलं तर दीडशे किलोवॅटच्या वर जातं. ट्रान्सफॉर्मर तेवढ्यासाठी बसवलेला नाही.

वायरमन_सदाशिव

खजिनदार साहेब, बरोबर आहे, पण सगळे दहाला लावत नाहीत आणि लावले तरी दोन-तीन तासांत उतरतात. तरी पहिल्या पाच जणांच्या पाच वायरी भिंतीवरून वेलींसारख्या नेऊ नका. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत एकच रुंद केबल ट्रे टाका, खर्च सोसायटीचा. पुढे प्रत्येकाने आपली केबल त्यात टाकावी, खर्च ज्याचा त्याचा. मंजूर भार प्रत्येकाने आपापला वाढवून घ्यावा. दहाच्या पुढे गेले की पाळ्या लावणारी यंत्रणा बघू. आधी ट्रे.

बेसमेंटमधला

हे पुढच्या सभेत मांडतो. बी१२, तुमची ती वहीच्या पानाची आकृती इथे टाकाल का?

पार्किंग_बी१२

ते पान अजून काकांच्याच खिशात आहे बहुधा. विचारतो.

कातळावरची

एक राहिलं. तुमचा सॉकेट जमिनीपासून किती उंच आहे? पुण्यात बेसमेंटमध्ये पाणी शिरल्याचे फोटो दर पावसाळ्यात बघते.

पार्किंग_बी१२

आत्ताच टेप घेऊन खाली जाऊन आलो. सॉकेट चार फूट दोन इंचांवर. पण केबलचा जोड असलेली डबी नऊ इंचांवर आहे आणि खांबावर मागच्या पावसाची चिखलरेघ तिच्या वर, फूटभर उंचीवर. सदाशिवराव, तुमचा पुण्यात कोणी माणूस आहे का? शनिवारी चालेल.